त्रैराशिक

त्रैराशिक ही तीन ज्ञात संख्यांवरून चौथी अज्ञात संख्या काढण्याची अंकगणितातील रीत होय. खरेदी-विक्री, मजुरी, व्याज, प्रवास यांसारख्या व्यवहारातील शाब्दिक उदाहरणे सोडवण्यासाठी ती वापरली जाते. दोन राशी एकमेकींच्या प्रमाणात बदलत असतील, तरच ही रीत लागू पडते.

इतिहास

आर्यभटाच्या आर्यभटीय (इ.स. ४९९) या ग्रंथातील गणितपादात त्रैराशिकाचा नियम आढळतो. ज्ञात तीन संख्यांना प्रमाण, फल आणि इच्छा, तर उत्तराला इच्छाफल म्हणतात. ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तातही (इ.स. ६२८) हा विषय आला आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ.स. ११५०) त्रैराशिकाला अंकगणिताचा गाभा मानले असून पंचराशिक, सप्तराशिक अशा विस्तारित रीतीही दिल्या आहेत.

सम त्रैराशिक

एक राशी वाढली असता दुसरी त्याच पटीत वाढत असेल, तर त्या समप्रमाणात असतात. प्रमाण व इच्छा या एकाच जातीच्या राशी असाव्या लागतात. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की इच्छाफल मिळते. ३ किलो तांदळाची किंमत १८६ रुपये असेल, तर ५ किलोंची किंमत १८६ × ५ ÷ ३ = ३१० रुपये होते. आधी एका किलोची किंमत (६२ रुपये) काढून तिला ५ ने गुणले तरी हेच उत्तर येते. या रीतीला एकमान पद्धत म्हणतात. समीकरणाच्या रूपात हेच उदाहरण क्ष ÷ ५ = १८६ ÷ ३ असे मांडता येते.

व्यस्त त्रैराशिक

एक राशी वाढली असता दुसरी त्याच पटीत घटत असेल, तर दोहोंचा गुणाकार स्थिर राहतो. ६ मजूर एक काम १० दिवसांत करत असतील, तर त्याच गतीने १५ मजुरांना ६ × १० ÷ १५ = ४ दिवस लागतील. लीलावतीत धान्यमापनाचे उदाहरण आहे: ७ आढकांच्या मापाने धान्याची रास १०० मापे भरते, तर ५ आढकांच्या मापाने ती १४० मापे भरेल. माप लहान झाले की मापांची संख्या वाढते.

मर्यादा

त्रैराशिकातील बहुतेक चुका गुणाकार-भागाकारात नसून राशींमधील संबंध न तपासण्यात असतात. दोरीवर वाळत घातलेले ५ कपडे २ तासांत वाळत असतील, तर तशाच उन्हात आणि पुरेशी जागा असताना १० कपड्यांनाही २ तासच लागतात. येथे वेळ कपड्यांच्या संख्येवर अवलंबून नाही.

स्थिर रक्कम अंतर्भूत असेल, तरीही त्रैराशिक चुकते. एखाद्या टेम्पोचे ठरलेले भाडे २०० रुपये व त्यावर दर किलोमीटरला २५ रुपये आहे असे मानू. १० किलोमीटरचे भाडे ४५० रुपये होते. त्रैराशिकाने २० किलोमीटरचे भाडे ९०० रुपये येईल. प्रत्यक्षात ते ७०० रुपये आहे. अशा वेळी एकचल समीकरण उपयोगी पडते. ५७५ रुपयांत किती अंतर जाता येईल, हे २०० + २५क्ष = ५७५ या समीकरणातून मिळते. येथे २५क्ष = ३७५, म्हणून क्ष = १५ किलोमीटर.

पडताळा

एक राशी शून्य झाल्यास दुसरीही शून्य होते का, आणि एक दुप्पट झाल्यास दुसरी दुप्पट होते का, हे पाहिल्यास समप्रमाण आहे की नाही ते ठरवता येते. एक दुप्पट झाल्यास दुसरी निम्मी होत असेल, तर ते व्यस्त प्रमाण असते.