अंगठी आणि वचन

आपल्या धर्मग्रामांतून साखरपुड्याचा समारंभ अलीकडे लग्नाइतक्याच थाटाने होऊ लागला आहे. ज्या विधीचे नावच साखरेच्या पुड्यावरून पडले, त्यात आज सर्वांची नजर खिळते ती अंगठीवर. ती किती ग्रॅमची, तिच्यात हिरा आहे की नाही, याची चर्चा मांडवाबाहेरही चालते. अंगठी घराण्याच्या ऐपतीचे माप ठरते आणि ते माप राखण्यासाठी आईबाप कर्ज काढतात. म्हणूनच ही अंगठी आली कोठून आणि कशासाठी, याचा मागोवा घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

पहिली नवलाची गोष्ट ही की, पवित्र शास्त्रात वाङ्निश्चयाची अंगठी कोठेच आढळत नाही. आब्राहामाचा सेवक इसहाकासाठी वधू शोधावयास गेला, तेव्हा त्याने रिबकेला अर्ध्या शेकेल वजनाची सोन्याची नथ आणि हातांत घालावयास दोन कांकणे दिली (उत्पत्ती २४). आपल्याकडील आयाबहिणींना ही नथ ओळखीची वाटेल. परंतु त्याच अध्यायात पुढे, निघण्याची वेळ येते तेव्हा, घरची माणसे मुलीला बोलावून तिची इच्छा विचारतात आणि ती जाण्यास होकार देते. दागिने आधी आले खरे, पण पाठवणी झाली ती त्या होकारानंतरच.

बायबलमध्ये अंगठी येते ती अधिकाराची खूण म्हणून. फारो आपल्या हातातील मुद्रा योसेफाच्या हातात घालतो, उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप परतलेल्या मुलाच्या बोटात अंगठी घालावयास सांगतो. आपल्या देशातील परंपराही याहून वेगळी नाही. ‘मुद्रिका’ हा शब्दच मुद्रेवरून, म्हणजे शिक्क्यावरून आला आहे. रामाने सीतेकडे पाठविलेली मुद्रिका काय किंवा दुष्यंताने शकुंतलेला दिलेली अंगठी काय, दोहोंचे काम एकच, देणाऱ्याची ओळख पटविणे. अंगठी हा अशा रीतीने शब्दावर उमटविलेला शिक्का होता.

वाङ्निश्चयात अंगठी देण्याची चाल आपल्याकडे आली ती रोमन लोकांकडून. पहिल्या शतकातील ग्रंथकार प्लिनी लिहितो की, त्याच्या काळातही वाग्दत्त वधूला लोखंडाची आणि खड्याविना असलेली अंगठी पाठवीत असत. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन पूर्वीच्या स्त्रियांचा साधेपणा वाखाणताना म्हणतो की, त्यांच्या अंगावर सोने असे ते एकाच बोटात, वराने दिलेल्या अंगठीचे. त्याच सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट स्त्रियांना सोन्याच्या अंगठीची मुभा देतो, पण शोभेसाठी नव्हे. घरातील मौल्यवान चीजवस्तूंवर मोहोर करून त्या सुरक्षित ठेवता याव्यात म्हणून. अंगठी ही घर सांभाळणारीच्या हातातील विश्वासाची खूण होती.

ती चौथ्याच बोटात का, याचीही कथा आहे. त्या बोटातून एक नाजूक शीर थेट हृदयाला जाते, असा प्राचीन समज दुसऱ्या शतकातील रोमन लेखक औलस गेलियस याने नोंदविला आहे. शरीरशास्त्राला ही शीर काही सापडली नाही. मध्ययुगीन इंग्लंडमधील विधीत याहून सुंदर रीत होती. वर ती अंगठी पित्याच्या नावाने अंगठ्याला, पुत्राच्या नावाने तर्जनीला, पवित्र आत्म्याच्या नावाने मधल्या बोटाला लावी आणि ‘आमेन’ म्हणून चौथ्या बोटात घाली.

या साऱ्या इतिहासात आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते ८६६ सालचे एक पत्र. बल्गेरियाचा राजा बोरिस नुकताच ख्रिस्ती झाला होता. त्याने रोमला अनेक प्रश्न पाठविले आणि पोप पहिले निकोलस यांनी त्यांना सविस्तर उत्तरे दिली. विवाहाच्या चालीरीती सांगताना पोपमहोदयांनी वाङ्निश्चयात वर वधूच्या बोटात निष्ठेची अंगठी घालतो, याचा उल्लेख केला. मात्र लगेच पुढे त्यांनी स्पष्ट केले की, हे सर्व सोपस्कार झाले नाहीत तर ते पाप नव्हे, कारण कित्येकांना दारिद्र्यामुळे ते परवडत नाहीत. दोघांची संमती तेवढी पुरेशी आहे, आणि संमतीच नसेल तर बाकी सारे व्यर्थ आहे. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी ख्रिस्तसभेने गरिबाच्या रिकाम्या बोटाला दिलेला हा दिलासा आहे.

पुढे पश्चिमेकडे अंगठी वाङ्निश्चयातून विवाहविधीत सरकली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात वधूच्या एकाच अंगठीला आशीर्वाद दिला जाई. १९६९ च्या सुधारित विधीत वधूवर दोघांच्या अंगठ्या आल्या. वाङ्निश्चयाबाबत १९८३ च्या धर्मविधिसंहितेने सांगितले आहे की, दिलेल्या वचनाच्या आधारे कोणावरही लग्नाची सक्ती करता येत नाही. अंगठी स्वीकारल्यानंतरही मुलीला ‘नाही’ म्हणता येते, हे आईबापांनी विसरू नये.

आता हिऱ्याविषयी. १४७७ साली ऑस्ट्रियाचा राजपुत्र मॅक्सिमिलियन याने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, असे सांगतात. त्या काळी युरोपात पोचणारे हिरे बहुतांशी आपल्या हिंदुस्थानातलेच असत, आणि ती राजेरजवाड्यांची चैन होती. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे विपुल सापडू लागले. विपुल वस्तूला दुर्मिळ भासविणे हे मग व्यापाऱ्यांचे काम झाले. डी बिअर्स कंपनीसाठी १९४७ साली अमेरिकेत रचलेल्या जाहिरातीने हिरा आणि चिरंतन प्रेम यांची सांगड घातली. १९८० च्या दशकात तर अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्चावा, असे तरुणांना जाहिरातीतूनच सुचविण्यात आले. जिला आपण परंपरा समजतो, ती आपल्या आजीच्या लग्नाहूनही लहान असू शकते.

अंगठी घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. घ्यावी, पण डोळसपणे. हॉलमार्क पाहावा, तो २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. बावीस कॅरटवर ९१६ हा अंक असतो. खडा बसवावयाचा असेल तर अठरा कॅरट, म्हणजे ७५० अंकाचे सोने अधिक टणक. रोज कामात वापरावयाची अंगठी सपाट व बेताची बरी. आणि घरात आजीची जुनी अंगठी असेल, तर सोनाराकडून ती बोटाच्या मापाची करून घ्यावी. तिच्यात पाळलेल्या वचनाची साक्ष आधीच असते.

सोनाराच्या पेढीवर जाण्यापूर्वी मात्र, रिबकेच्या घरच्यांनी तिला विचारले तसे, आपल्या मुलीला आणि मुलाला जवळ बसवून त्यांचे मन विचारावे. तो होकार मनापासून आला, तर लोखंडाची अंगठीही पुरेशी आहे.