गंजिफा वाचली ती दरबारात

सावंतवाडीच्या राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये कारागीर काम करताना दिसतात. तळहातावर मावेल एवढं गोल पान, त्यावर पक्की रंगवलेली जमीन, आणि अगदी बारीक कुंचल्याने त्यावर उतरणारा मासा: आधी अंग, मग शेपूट, शेवटी डोळा. मत्स्यावताराच्या दहाच्या पानावर असे दहा मासे काढावे लागतात. एक चुकला तर पान बाद. ही गंजिफा. छापील पत्ते घरोघर पोचण्याआधी आपल्याकडे ज्या हाताने रंगवलेल्या पानांवर डाव रंगत, ती हीच.

खेळ मुळात बाहेरून आला. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद ‘बाबरनाम्या’त आहे. मोगली गंजिफेत आठ रंग आणि ९६ पानं. पुढे इथल्या लोकांनी ती आपलीशी केली आणि रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार बसवले. प्रत्येक अवताराची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. म्हणजे सगळी मिळून १२०. तीन खेळाडूंत प्रत्येकी चाळीस वाटायची. परशुरामाची खूण परशू, कृष्णाची गाय. निम्म्या रंगांत दहाचं पान मोठं आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का, म्हणून डोकं सतत जागं ठेवावं लागतं. डाव दिवसा मांडला तर ज्याच्याकडे राम त्याने उतरायचं, रात्री मांडला तर ज्याच्याकडे कृष्ण त्याने. खेळता खेळता पोरांना दशावतार पाठ होत, ते वेगळंच.

पान करायची रीत चिकाटीची. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वाळवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, गोल कापायचे, घोटून गुळगुळीत करायचे आणि मग रंगवायला घ्यायचे. शेवटी लाखेचा हात. पाठ सगळ्या पानांची एकसारखी हवी, नाहीतर समोरच्याला पान ओळखू येतं. हे काम चिताऱ्यांचं. सावंतवाडीच्या चितार आळीत याच घराण्यांतले हात लाकडी फळं, खेळणी, पाट रंगवत आले आहेत. तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात, या कलांना संस्थानचा भक्कम आधार होता.

मग यंत्रावर छापलेले स्वस्त पत्ते आले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गंजिफेला गिऱ्हाईकच उरलं नाही. खेळणी विकली जात होती, पण गंजिफा पुरी येणारे पुंडलिक चितारी तोवर म्हातारे झाले होते.

इथे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जे केलं, ते नीट पाहण्यासारखं आहे. संस्थान केव्हाच विलीन झालं होतं. देणगीचा चेक फाडून किंवा सत्काराची शाल घालूनही भागलं असतं. त्यांनी पुंडलिक चिताऱ्यांकडे बसून स्वतः ही कला शिकून घेतली. १९७१ साली ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू केलं आणि राजवाड्यातच जागा देऊन गावातल्या तरुणांना शिकवायला घेतलं. शिवरामराजे १९९५ साली गेले. सत्त्वशीलादेवींनी २०१८ साली आपल्या निधनापर्यंत हे काम सोडलं नाही. कलेला आश्रय देणारे पुष्कळ असतात. चिताऱ्यापुढे शिष्य होऊन बसणारे फार थोडे, आणि माझ्या मते गंजिफा वाचली ती त्या बसण्यामुळे.

हे राजवाड्यालाच जमतं असंही नाही. सावंतवाडीहून कुडाळकडे जाताना पिंगुळी लागतं. तिथल्या ठाकर आदिवासींच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांनाही एकेकाळी संस्थानचा आश्रय होता. तो सुटल्यावर परशुराम गंगावणे यांनी गावातच ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ उभं केलं, आणि तेही गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय करून. जुनी चित्रं, बाहुल्या तिथे नीट मांडल्या, मुलांना खेळ शिकवला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. राजाश्रय गेल्यावर गावाने आपली कला कशी सांभाळावी, याचं इतकं चांगलं उदाहरण कोकणात दुसरं दाखवता येणार नाही.

एक खंत मात्र उरते. गंजिफेची पानं वाचली, डाव वाचला नाही. पेटी विकत घेणारे बहुतेक लोक ती दिवाणखान्याच्या काचेत ठेवतात. चिताऱ्याला काम मिळतं, हे खरं. पण खेळणारा असला तरच जुनी पानं झिजतात आणि नव्यांची मागणी येते. तेव्हा सावंतवाडीला गेलात आणि गंजिफेची पेटी घेतलीत, तर नियमही विचारून घ्या. घरी आल्यावर तिघं जमा आणि एक डाव मांडा.