बाजारातून विकत घेतलेलं महाराजांचं चित्र



आजचा विषय वरवर अगदी साधा आहे. रस्त्यावर किंवा बाजारात बसणाऱ्या चित्रकाराकडून त्याच्या हातचं चित्र विकत घेणं. यात इतिहास तो कसला, असं कुणाला वाटेल. पण आपण बोलतोय महाड-पोलादपूरच्या मुलखात, रायगडाच्या पायथ्याशी. इथे घराघरात, दुकानादुकानात शिवाजी महाराजांचं चित्र दिसतं. तो चेहरा आपल्यापर्यंत पोचला, तो अशाच खरेदीतून. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आधी या मुलखातल्या दोन खुणा डोळ्यासमोर आणा. पहिली पोलादपूरची. तिथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी 'शिवभारत' लिहिलं, आणि कवीचं नाव टिकलं. दुसरी रायगडावरची. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. गड बांधणाऱ्याचंही नाव टिकलं. आता तिसरा प्रश्न. महाराजांची त्या काळातली चित्रं ज्यांनी काढली, त्यांची नावं काय? बहुतेकांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत. असं का झालं, ते बघू.

सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्याला, म्हणजे कुतुबशाहीच्या राजधानीत, दरबारी चित्रकार होते तसेच बाजारासाठी काम करणारेही होते. येईल त्या गिऱ्हाईकाला चित्र विकायचं, हा त्यांचा धंदा. त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे युरोपियन व्यापारी. त्यात डच पुढे. मछलीपट्टणला त्यांची वखार, गोवळकोंड्यात त्यांची माणसं. कापड, हिरे यांच्या व्यवहारासाठी आलेल्या या लोकांना आपल्या देशी न्यायला काहीतरी नवलाचं हवं असायचं. मग 'हिंदुस्थानचे राजे आणि सरदार' अशी चित्रांची अख्खी मालिकाच ते घ्यायचे. तीत अकबर, जहांगीर, शाहजहान, औरंगजेब, कुतुबशाह असत, आणि शिवाजी महाराजही असत.

लक्षात घ्या, १६७७ साली महाराज स्वतः गोवळकोंड्याला गेले होते, अबुल हसन कुतुबशाहाच्या भेटीला. त्या शहराला ते नाव आणि तो दबदबा चांगला ठाऊक होता. त्यामुळे त्यांच्या चित्राला मागणी असणं साहजिकच होतं.

ही चित्रं होती कागदावर, जाड रंगात, वर सोन्याचं काम. एकच चेहरा पुन्हा पुन्हा काढायचा असेल तर खाका वापरत. म्हणजे रेषेवर सुईने भोकं पाडलेला कागद, आणि त्यावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवायची. आपल्याकडे रांगोळीचा छाप असतो ना, तीच युक्ती. खाली ठिपके उमटले की पुढचं सगळं हातानं. म्हणून या चित्रांत सारखेपणा आहे, पण एक चित्र हुबेहूब दुसऱ्यासारखं नाही.

१६८७ साली औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि कुतुबशाही संपली. परदेशी गेलेली चित्रं मात्र वाचली. ॲमस्टरडॅमचे महापौर निकोलास विट्सेन यांच्या संग्रहात अशी पन्नासेक चित्रं होती. तो संग्रह आज तिथल्या रायक्सम्युझियममध्ये आहे, आणि त्यात महाराज आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही गोवळकोंड्याच्या धाटणीचं महाराजांचं चित्र आहे. एका बाजूने दिसणारा चेहरा, दाढी, पागोटं. पुढच्या कित्येक चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी आधाराला घेतला तो हाच चेहरा.

म्हणजे बघा. घेणाऱ्याने पैसे मोजले, चित्र जपून नेलं, खाली चित्रातल्या माणसाचं नावही लिहून घेतलं. फक्त काढणाऱ्याचं नाव विचारलं नाही. त्याच्या लेखी तो कारागीर होता. कापडाच्या ठाणावर विणकराचं नाव कोण लिहितो, तसंच.

आता याच्या उलट उदाहरण, त्याच दशकातलं. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा माणूस. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत तो महाराजांना भेटला होता. त्यानेही हिंदुस्थानातल्या राजांची चित्रं करवून घेतली. ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यात महाराज घोड्यावर आहेत, बरोबर शिपाई आहेत. पण मनुचीने एक गोष्ट वेगळी केली. ही चित्रं मीर मुहंमद या चित्रकाराने काढली, तो शाहजादा शाह आलमच्या पदरी होता, हे त्याने लिहून ठेवलं. एवढ्या एका नोंदीमुळे मीर मुहंमद आज इतिहासात आहे. गोवळकोंड्याचे चित्रकार हाताने काही कमी नव्हते. त्यांना मनुची भेटला नाही, इतकंच.

नोंद नसली की काय होतं, याचं आपल्याकडचंच उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी महाराज म्हणून जे चित्र फिरत होतं, ते मनुचीच्या ग्रंथातल्या इब्राहिम खान नावाच्या सरदाराचं होतं. लोकांनी त्याला मनोभावे हार घातले. पुढे इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांमधून महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं. चित्र टिकणं पुरेसं नसतं, मंडळी. चित्राबरोबर त्याची माहितीही टिकावी लागते.

मग छापखाने आले. पुण्याची चित्रशाळा १८७८ची. रविवर्म्यांचा छापखाना १८९४चा, आधी मुंबईत, पुढे मळवलीला. चित्र स्वस्त झालं, गरिबाच्या घरात गेलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण हाताने काढलेल्या चित्राची सवय मोडली. आज रस्त्याकडेला कुणी स्वतःच्या हातचं चित्र घेऊन बसला, तर आपण त्याची किंमत छापील फ्रेमशी ताडून बघतो आणि घासाघीस करतो.

म्हणून शेवटी व्यवहाराचं बोलतो. रायगडाच्या वाटेवर, चवदार तळ्यापाशी २० मार्चच्या गर्दीत, कुठल्या जत्रेत, जिथे कुठे असा चित्रकार दिसेल, तिथे चित्र आधी तिरक्या उजेडात धरून बघा. हाताचं असेल तर रंगाचे थर आणि कुंचल्याची वाट दिसते. छापील असेल तर भिंगाखाली सारखे ठिपके दिसतात. आवडलं तर घ्या. आणि पैसे दिल्यावर त्याला म्हणा, "दादा, मागे तुमचं नाव, गाव आणि तारीख लिहून द्या."

यात कायदाही आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, तयार चित्र विकत घेतलं म्हणून ते छापायचा हक्क आपल्याकडे येत नाही. चित्रकाराने लेखी दिल्याशिवाय तो त्याच्याकडेच राहतो. इतकंच नाही. मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीला विकलं गेलं, तर त्यात चित्रकाराचा वाटा असू शकतो, अशीही तरतूद आहे. पण मागे नावच नसेल तर वाटा द्यायचा कुणाला?

आणि घरी आल्यावर चित्राचा फोटो काढा, पुढून आणि मागूनही. जुलै २०२१मध्ये सावित्रीचं पाणी महाडात कुठवर चढलं होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. छापील तसबीर गेली तर दुसरी मिळते. हाताने काढलेलं चित्र एकच असतं.

गोवळकोंड्याच्या त्या चित्रकारांना त्यांच्या चित्राचे पैसे मिळाले असतील. पण साडेतीनशे वर्षं होत आली, त्या चेहऱ्यापुढे आपण हात जोडतो आणि तो कुणाच्या हातचा, हे सांगू शकत नाही. आपल्या मुलखातल्या चित्रकाराबाबत असं होऊ द्यायचं नसेल, तर त्याला पेनाची एक ओळ पुरते.