बोरगुंडचे दुसरे चर्च

नॉर्वेच्या पश्चिमेस, लेर्डालच्या दरीत, बोरगुंड नावाचे ठिकाण आहे. तेथे दोन लाकडी चर्च जवळजवळ उभी आहेत. एक सुमारे ११८० सालचे. छपरावर छपरे चढवलेले, वरच्या टोकांना अक्राळविक्राळ ड्रॅगनची तोंडे. देशोदेशींचे प्रवासी येतात ते हेच पाहण्यासाठी. दुसरे १८६८ सालचे, साधेसुधे. मला बोलायचे आहे ते या दुसऱ्याविषयी.

इतके देखणे चर्च हाताशी असताना लोकांनी दुसरे का बांधले? १५३७ साली तेथे ल्यूथरचा पंथ राजाज्ञेने आला आणि लॅटिन विधीच्या जागी लोकभाषेतले प्रवचन मुख्य झाले. प्रवचन ऐकायचे तर बसायला जागा हवी. जुनी चर्च अंधारी आणि लहान. वस्ती मात्र वाढत होती. अखेर १८५१ साली कायदा झाला की, गावच्या वस्तीतल्या दर दहांपैकी तिघे मावतील एवढे चर्च असलेच पाहिजे. या मापात न बसलेली कितीतरी जुनी चर्च पाडली गेली. मध्ययुगात अशी हजारावर असावीत. आज २८ उरली आहेत. बोरगुंडचे मात्र तगले आणि १८७७ साली पुराणवास्तूंच्या रक्षणासाठी निघालेल्या संस्थेने ते विकत घेतले. बाकीच्यांची हळहळ मलाही वाटते. पण थंडीत दाराबाहेर ताटकळणाऱ्याची हळहळ कोणी करायची?

ही चर्च गावाच्या मालकीची होती असेही नव्हे. युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी राजाने १७२०च्या दशकात ती चक्क लिलावात काढली. व्यापारी, अधिकारी मालक झाले. पुढे अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी पदरचे पैसे घालून ती सोडवली.

आणि चर्चबाहेर जमावे, तर १७४१चा हुकूम आडवा येई: पाद्र्याला कळवल्याशिवाय धर्मसभा भरवायची नाही. फाटकसभेच्या परवानगीसाठी चौकीच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला या हुकुमाची भाषा नवी वाटणार नाही. हान्स निल्सेन हाउगे हा शेतकऱ्याचा मुलगा गावोगाव पायी हिंडून उपदेश करी. १८०४ साली त्याला धरले, वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवले. १८१४ साली निकाल लागला तो दंडाचा. तोवर त्याची प्रकृती पार ढासळली होती. १८२४ साली तो वारला.

हुकूम रद्द झाला १८४२ साली. जागा मोजण्याचा कायदा आला तो त्यानंतर नऊ वर्षांनी.