इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं म्हणून दंड?

गेल्या आठवड्यात माझी पुतणी रडत घरी आली. दुसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. शाळेचं नाव घेत नाही. "मॅडम, पाणी प्यायला जाऊ?" म्हणाली म्हणून दहा रुपये दंड. भाऊ म्हणतो, "शिस्त हाय ती. त्याशिवाय इंग्रजी येतंय व्हय?" मला काही पटलं नाही, म्हणून ही पोस्ट.

हा नियम आपल्या मातीतला नाही. १८७८ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स गावी मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी भाषेची शाळा काढली. जी भाषा शिकायची तीच वर्गात बोलायची, अशी त्यांची पद्धत. पुढं १९६१ मध्ये युगांडात मकेरेरेला राष्ट्रकुल देशांची परिषद झाली आणि इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं या मताला जोर आला. १९९२ मध्ये रॉबर्ट फिलिप्सन यांनी आपल्या पुस्तकात तेच मत चुकीचं ठरवलं. पुस्तक आपल्याकडं कुणी वाचलं नाही, दंड तेवढा पोचला.

आपल्याकडं आजोबांच्या पिढीला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. आधी शब्द, मग इंग्रजी वाक्यांचं मराठी करायचं, मग मराठीचं इंग्रजी. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी थेट आठवीपासून सुरू व्हायचं, तेव्हा वडिलांच्या पिढीनंही असंच भाषांतर करून मॅट्रिक गाठलं. कबूल, त्यांना लिहिता-वाचता आलं, पण तोंड उघडलं नाही. पण तो दोष मराठीचा कमी, गावात इंग्रजी बोलायला कुणी नव्हतं याचा जास्त.

माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. आमचे सर फळ्यावर वाक्य लिहून विचारायचे, "ह्येला आपण घरात काय म्हणतो?" 'तो जात आहे' नव्हे, 'त्यो चाललाय' असं सांगायचे, आणि चालू वर्तमानकाळ डोक्यात बसायचा. एकदा मी लिहिलं, 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स'. सरांनी मारलं नाही. म्हणाले, "मराठीत 'तीन वर्षं झाली, इथं राहतोय' म्हणतोस, म्हणून चुकलास. इंग्रजी तिथं 'हॅव बीन' लावतं, आणि 'सिन्स'च्या जागी 'फॉर'." चूक कुठनं आली ते मराठीतच कळलं. नुसतं इंग्रजीत 'राँग' म्हणून पुढं गेले असते, तर ती चूक आजही केली असती.

आपल्या पेठेतच बघा की. पैंजणांचा माल घेऊन परगावी जाणारे आपले चांदीवाले गिऱ्हाईक बघून हिंदी, कन्नड, मराठी एका दमात फिरवतात. वजन मराठीत मोजतात, भाव हिंदीत सांगतात. त्यांना कुणी दंड लावला नाही, म्हणून तर भाषा आली.

जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. २०२२ मध्ये तर बालभारतीनं पहिलीला द्विभाषिक पुस्तकं दिली, मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द. म्हणजे सरकारी पुस्तकात दोन्ही भाषा शेजारी बसल्या, आणि आपण फी भरून पोरीला त्यासाठी दंड भरायला लावतो.

शनिवारी पालकसभा आहे. मी बालभारतीचं पुस्तक घेऊन जाणार आहे, आणि दंडाच्या दहा रुपयांची पावतीही मागणार आहे. कुणाच्या माळ्यावर जुनी तर्खडकर असेल तर सांगा, तीही नेतो.