बदली आणि बिऱ्हाड

धाड हे बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील गाव. जालना जिल्ह्याची शीव येथून फार दूर नाही. विदर्भ येथे संपू लागतो आणि मराठवाडा सुरू होतो. अशा गावात सकाळच्या एस.टी.पाशी दोन प्रकारची माणसे दिसतात. काही बुलढाण्याहून नोकरीसाठी येथे उतरतात, तर काही येथून परगावी जाण्यासाठी चढतात. या रोजच्या येरझारीला लोकांनी 'अप-डाऊन' असे नाव दिले आहे. धाडला रेल्वे नाही, जिल्ह्याच्या मुख्य गावी बुलढाण्यालाही नाही. शब्द मात्र रेल्वेचा रुजला आहे.

अशाच एखाद्या घरात पतीची बदली जालन्याला होते. पत्नी धाडच्या शाळेत शिक्षिका असते. बिऱ्हाड जालन्याला हलवले तर पतीची दगदग थांबते, पण पत्नीचा रोजचा प्रवास वाढतो. न हलवले तर नेमके उलट होते. मुलांची शाळा, वडीलधाऱ्यांचे औषधपाणी आणि घरभाडे यांचा विचार पुन्हा निराळाच. "फादर, आम्ही काय करावे?" असे विचारणारी कुटुंबे आम्हांस अनेक धर्मग्रामांत भेटली आहेत. हा प्रश्न आजच्या धावपळीतून निर्माण झाला असे त्यांना वाटते. वस्तुतः त्यास दीडशे वर्षांचा इतिहास आहे. किती मैल जायचे यापेक्षा कोणाच्या शब्दाने जायचे, हाच त्या इतिहासातील खरा वाद आहे.

शेतीवर जगणाऱ्या समाजात बिऱ्हाड हलवण्याचा प्रसंग क्वचित येई. स्त्री लग्नानंतर एकदाच गाव सोडी आणि पुरुषाचे काम घरापासून शेतापर्यंत असे. 'बदली' हा शब्द घराघरांत शिरला तो इंग्रजी अमदानीतील नोकरीबरोबर. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. कचेऱ्या, टपाल, शाळा उभ्या राहिल्या. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, शेगाव करीत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. घाटावरचे बुलढाणे मात्र बाजूला राहिले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारास जोडले गेले आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला. त्या दिवसापर्यंत धाड ज्या राज्यात होते त्यातच जबलपूर व रायपूर होते, आणि शेजारचे भोकरदन हैदराबाद संस्थानातून झालेल्या राज्यात होते. नकाशा बदलला की नोकरदाराच्या बदलीचा मुलूखही बदलतो. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण या वर्गाला अगदी चपखल बसली.

त्या काळी बदली पतीची आणि बिऱ्हाड पत्नीने आवरायचे, ही रीत कोणी बोलून दाखवण्याचीही गरज नव्हती. तथापि या रीतीतूनही कधी अनपेक्षित दार उघडे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७८ मध्ये नाशिकला गेले आणि पुढच्याच वर्षी, सरकारच्या संशयामुळे, त्यांना धुळ्यास पाठवण्यात आले. पुण्याच्या मोठ्या घरात रमाबाईंच्या शिकण्याला बायकांचा विरोध होता. परगावच्या लहान बिऱ्हाडात तो जाच सुटला आणि त्यांचे वाचन-लेखन मोकळेपणाने चालू लागले.

याहून विलक्षण कथा डॉ. आनंदीबाई जोशी यांची. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि शेवटी कलकत्त्याची बाजू, असा त्यांचा प्रवास झाला. पत्नीचे शिक्षण व्हावे हा ध्यास त्यांच्या बदल्यांमागे होता. स्वभावाने ते कठोर होते आणि त्या कठोरपणाची किंमत आनंदीबाईंनीच मोजली, हे विसरता येत नाही. परंतु पत्नीच्या भवितव्यासाठी पतीने गाव बदलावे, ही गोष्ट त्या काळात अपूर्वच होती. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई पतीला मागे ठेवून अमेरिकेस निघाल्या. पुढे गोपाळरावही तिकडे पोहोचले. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली. पत्नीच्या नोकरीच्या गावी पतीने बिऱ्हाड करावे, असा योग मराठी समाजात तेव्हाच येऊ घातला होता. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. कोल्हापूरचे ते बिऱ्हाड मांडलेच गेले नाही.

आपल्या ख्रिस्ती समाजाने या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे शोधली. गोव्याचा तारवटी मुंबईस येई तेव्हा कुटुंब गावीच राही. धोबीतलाव, माझगाव येथे गावागावाचे 'कूड' होते. पेट्या ओळीने मांडलेल्या, एका टोकाला वेदी आणि संध्याकाळी रोझरी. गावाची शिस्त तेथे होती, संसार मात्र पत्रांतून व मनिऑर्डरीतून चाले. वसईकरांना रेल्वेने निराळी वाट दिली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली आणि १९३६ मध्ये विजेची गाडी विरारला पोहोचली. माणूस मुंबईत नोकरी करून रात्री आपल्या घरी येऊ लागला. वाडी राहिली, विहीर राहिली, चर्च राहिले. बिऱ्हाड हलले नाही. पण वाडीचे काम बाईच्या अंगावर पडले आणि पहाटे जाऊन रात्री येणारा बाप मुलांना रविवारीच नीट दिसे. घर जागेवर ठेवण्याचीही किंमत असते.

कायदा काय म्हणत होता तेही पाहू. १९१७ च्या धर्मसंहितेतील ९३ व्या कलमानुसार, विधिवत विभक्त न झालेल्या पत्नीचा अधिवास पतीचा तोच मानला जाई. तिची नोकरी कोठे आहे हा विचारच त्यात नव्हता. १९८३ च्या नव्या संहितेने ते सूत्र सोडले. तिचे १०४ वे कलम सांगते की, पतिपत्नींचा अधिवास समाईक असावा. परंतु विधिवत विभक्तपणा किंवा अन्य न्याय्य कारण असल्यास दोघांपैकी प्रत्येकास स्वतःचा अधिवास असू शकतो. 'पतीचा' या शब्दाच्या जागी 'समाईक' हा शब्द यायला सहासष्ट वर्षे लागली.

देशातील न्यायालयांतही हाच झगडा झाला. १९७७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने एका शिक्षिकेविरुद्ध निकाल दिला. पतीच्या घरी राहणे हे पत्नीचे कर्तव्य असून परगावच्या नोकरीसाठी ते टाळता येणार नाही, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयापुढे पंजाबातील सुनाम येथील एका मुख्याध्यापिकेचे प्रकरण आले. पती दिल्लीत होता. न्यायमूर्ती देशपांडे यांनी निर्णय दिला की, संसाराचे ठिकाण ठरवण्याचा एकट्या पतीला हक्क देणारा कोणताही कायदा नाही. दोघेही कमावते असतील तर दोघांच्या सोयीचा विचार करून ते ठरले पाहिजे.

यानंतर शासनालाही जाग आली. पतिपत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे, असे परिपत्रक केंद्र सरकारने १९८६ मध्ये काढले आणि १९९७ व २००९ मध्ये त्यात भर घातली. महाराष्ट्रात जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने 'पती-पत्नी एकत्रीकरण' हा वेगळा संवर्ग केला आणि दोघांच्या कामाच्या ठिकाणांमध्ये ३० किलोमीटरहून अधिक अंतर असावे अशी अट ठेवली. नियमाला कोठेतरी रेषा ओढावीच लागते. परंतु विरारच्या गाडीतील तीस किलोमीटर आणि धाडच्या रस्त्यावरील तीस किलोमीटर सारखे नसतात. पावसाळ्यात संध्याकाळची एस.टी. चुकली की हे अंतर दुप्पट होते. शिवाय शिक्षकाने मुख्यालयी राहावे, असा शासनाचा जुना आग्रह आहेच. एक नियम जोडप्याला एकत्र आणू पाहतो, तर दुसरा प्रत्येकाला आपापल्या गावी बांधतो.

म्हणून शेवटी निर्णय घरातच करावा लागतो. या इतिहासातून आम्ही एवढेच घेतो की, आज रीत, धर्मसंहिता व न्यायालय यांपैकी कोणीही तो निर्णय एकट्या पतीच्या पदरात टाकीत नाही. किलोमीटर न मोजता तास मोजावेत. ज्याच्या वाट्याला लांबचा प्रवास येईल, त्याच्या अंगावरचे घरकाम दुसऱ्याने उचलावे. पत्नी पहाटेची एस.टी. गाठणार असेल तर मुलांचे डबे पतीने भरावेत. यात कमीपणा कसला? केलेला निर्णय जन्माचाही मानू नये. पुढील बदलीच्या वेळी दोघांनी पुन्हा बसावे आणि आधी एकाने सोसले असेल तर त्या खेपेस दुसऱ्याने सोसावे. बिऱ्हाड धाडला राहो की जालन्याला जावो, ते दोघांच्या संमतीने मांडलेले असले म्हणजे त्याला घर म्हणता येते.