गलबत की गुराब?

कपिलधारच्या माणसाला बोटीतलं काय कळणार? आमच्याकडे पाणी म्हणजे पावसाळ्यातला धबधबा. बालाघाटाचे डोंगर, मन्मथस्वामींची समाधी आणि कार्तिकी पौर्णिमेची यात्रा. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना!

तरीही दादाचा फोन आला. नोकरीपायी तो अलिबागकडे गेला आणि तिथलाच झाला. निवृत्तीच्या पैशातून हौसेची मोटारबोट घ्यायची म्हणतोय. एक चौघांची, दुसरी दहा-बारा जणांची. वहिनींचा हट्ट मोठीचा, घरातली सगळी एकदम बसली पाहिजेत म्हणून. "तू इतिहास वाचतोस ना, मग सांग," दादा म्हणाला.

आता त्याच्या समोरच्याच समुद्रात हा प्रश्न एकदा फार गंभीरपणे विचारला गेला होता. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडावरचं बेट, त्यामुळे इंग्रज चवताळले. त्यांनी जहाजं आणून वेढा घातला. त्यात 'रिव्हेंज' नावाचं मोठं फ्रिगेट होतं.

मराठ्यांकडे दोन जाती. गुराब मोठी, दोन डोलकाठ्यांची साधारण दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांची तीनशेपर्यंत. गलबत लहान, फार तर सत्तर टन, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गुराब जागच्या जागी उभी. मग गलबतंच तिला दोर बांधून ओढत न्यायची!

ऑक्टोबर १६७९ मध्ये दौलतखानाचं आरमार इंग्रजांवर चालून गेलं. 'डोव्ह' नावाची इंग्रजांची गुराब मराठ्यांनी धरली. पण एकट्या 'रिव्हेंज'च्या तोफांपुढे लहान होड्यांचा टिकाव लागला नाही, त्या नागोठण्याच्या खाडीत शिरल्या. म्हणजे उघड्या समुद्रात मोठंच जहाज भारी, हे मान्य करायला हवं.

पण गंमत पुढेच आहे. त्या उथळ खाडीत मोठ्या जहाजांना आत जाता येईना. आणि रात्रीच्या अंधारात लहान होड्या वल्ही मारत खांदेरीला माणसं, धान्य, दारूगोळा पोचवतच राहिल्या. इंग्रजांना ते काही थांबवता आलं नाही. १६८० च्या सुरुवातीला त्यांनी वेढा उठवला. खांदेरी राहिली ती मराठ्यांकडेच.

उलट बाजूही आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार एकत्र नांगरलेलं होतं. एका जहाजाला आग लागली आणि बघता बघता सगळं जळालं. तिथे लहान-मोठं काही कामाला आलं नाही.

म्हणून दादाला म्हटलं, बोट किती मोठी हे नंतर बघ. आधी तुझ्या खाडीत ओहोटीला पाणी किती उरतं ते मोज. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढायला माणसं किती लागतील? आणि दहा जण वर्षातून किती वेळा जमतात? आपण सगळे शेवटचे एकत्र आलो ते आईच्या वर्षश्राद्धाला.

फोनवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "छोटीच घेतो."

वहिनी माझ्यावर रागावल्यात असं कळतं. असो. कार्तिकीला सगळे कपिलधारला येणार आहेत, तेव्हा समोरासमोर ऐकून घेईन.